जागा विकणे आहे

मुंबई-ठाण्याकडचा मराठी माणूस घर घेत नाही, जागा घेतो. 'मुलुंडला जागा झाली', 'धाकट्याच्या जागेचं जमलं का?' अशीच आपली भाषा. चाळीतल्या एका खोलीत सात-आठ जणांनी पथाऱ्या टाकण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना आधी हवी होती ती जागाच. घर त्यात पुढे होत गेले. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम, कचेरीतल्या पतपेढीचे कर्ज आणि मंगळसूत्राखेरीज जे काही सोने होते ते मोडून आलेले पैसे, असे सगळे घालून १९७० आणि १९८० च्या दशकांत या मंडळींनी डोंबिवली, मुलुंड, बोरिवली, ठाणे आणि तिकडे पुण्यात कोथरूड येथे ब्लॉक घेतले. त्या इमारती आज चाळिशी-पन्नाशीच्या आहेत आणि घेणारे सत्तरी-ऐंशीचे. इमारतीला लिफ्ट नाही, तिसरा मजला गुडघ्यांना झेपत नाही, मुले हिंजवडीला, बंगळुरूला किंवा थेट न्यू जर्सीला. तेव्हा 'जागा विकणे आहे' हे तीन शब्द मध्यमवर्गीय घरांतून आता वरचेवर ऐकू येऊ लागले आहेत.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी काही वर्षे काम पाहिले. त्या काळात डझनभर तरी ब्लॉक हस्तांतरित होताना जवळून पाहिले. विकणाऱ्याचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. निर्णय झाला की पहिला बोलावला जातो तो रंगारी. मग कोणीतरी सुचवतो की हल्लीच्या मुलांना कडाप्प्याचा ओटा आवडत नाही, ग्रॅनाइट टाका. भाचा सांगतो, हॉलला पीओपीचे छत करून दिवे सोडा. दोन-चार लाख त्यात जातात. एवढे झाल्यावर दलाल गिऱ्हाईक घेऊन येतो, ते जोडपे हसतमुखाने सगळे घर बघते, चहा घेते आणि निघताना विचारते, "काका, कन्व्हेयन्स झालंय का?" काकांना शब्दाचा अर्थ ठाऊक असतो, उत्तर नसते.

हा नवा खरेदीदार आहे तरी कोण? तिशी-पस्तिशीचे, दोघेही नोकरी करणारे, बहुधा एक मूल असलेले जोडपे. १९७७ साली एचडीएफसी स्थापन झाली तेव्हा घरासाठी कर्ज काढणे ही थोडी धाडसाचीच गोष्ट होती. या जोडप्याला कर्जाखेरीज घर ही कल्पनाच ठाऊक नाही. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. जागा एक कोटीची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे त्याला साधारण ७५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. उरलेले २५ लाख स्वतःचे. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ६ लाख (एकट्या स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत), नोंदणी फी ३० हजार, शिवाय दलाली. कर्जाचा पहिला हप्ता सुरू होण्याआधीच त्याच्या खिशातले ३१-३२ लाख गेलेले असतात. म्हणून त्याला अशी जागा हवी असते की सामान आणले की राहता यावे. छत गळणारे नको, वायरिंग बदलावे लागणारे नको, संडासाची फरशी फोडून पाइप टाकावे लागणारे नको. यातले काही निघालेच तर त्यासाठी त्याच्याजवळ पैसा उरलेला नसतो.

दुसरा खरेदीदार वेगळा. त्याच्याजवळ पैसा असतो आणि तो आत येतानाच मनातल्या मनात भिंती पाडत येतो. त्याला तुमचा रंग, तुमचा ग्रॅनाइटचा ओटा, तुमचे पीओपी यांतले काहीही नको असते. तो सगळे उखडून आपल्या मनासारखे करणार. 'जागा' हा आपला जुना शब्द या माणसाने अगदी शब्दशः घेतला आहे. म्हणजे पाहा, पहिल्याला दिखाऊ रंगकाम पुरत नाही आणि दुसऱ्याला ते लागत नाही. मग ते दोन-चार लाख नेमके कोणासाठी खर्च होतात? माझे मत असे की ते बहुतेक विकणाऱ्याच्या मनाच्या समाधानासाठी होतात. लेकीला दाखवायचे म्हटले की घर आवरायचे, तसे काहीतरी. त्यात वाईट काही नाही, पण त्याला किमतीत भर घालणे म्हणू नये.

खर्च करायचाच तर कुठे करावा? सर्वांत आधी ओल. पावसाळ्यानंतर भिंतीला पोपडे धरले असतील तर त्यावर रंगाचा हात मारणे हा शुद्ध आपमतलब झाला, आणि तो टिकतही नाही. हल्लीचे गिऱ्हाईक जूनमध्ये एकदा येते आणि ऑगस्टमध्ये मुद्दाम पुन्हा येते. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून होणारी गळती वरच्या शेजाऱ्याशी बसून सोडवावी लागते, आणि गच्चीतून होणारी गळती सोसायटीने. दुसरे वायरिंग. आपल्या वेळी चार पंखे, चार ट्यूब, एक फ्रिज एवढ्याचा हिशेब धरून तारा टाकल्या होत्या. आता दोन खोल्यांत एसी, गीझर, वॉशिंग मशीन आणि ओट्यावर इंडक्शन. मीटरचा मंजूर भार वाढवून घेतला आणि जुन्या तारा बदलल्या तर तो खर्च दिसत नाही, पण माहीतगार माणसाला कळतो. तिसरी गोष्ट फुकट आहे: खिडक्या मोकळ्या करणे. ग्रिलच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या, जुने डबे, मोडकी सायकल आणि 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेली लाकडे काढली की त्याच घरात उजेड दुप्पट येतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरातून काम करणे अनेकांच्या अंगवळणी पडले. खिडकीजवळ टेबल मावेल असा एखादा कोपरा दिसला की बाईसाहेब तिथे थबकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र करू नये. 'ओपन किचन'ची हौस म्हणून, जागा मोठी दिसावी म्हणून, मधली भिंत पाडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. जुन्या इमारतींत कोणती भिंत नुसती आडोशाची आणि कोणती भार घेणारी हे मिस्त्रीला कळतेच असे नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला एक इमारत कोसळून १७ माणसे दगावली, त्या वेळी तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांवरच बोट ठेवले गेले होते. आपली जागा चांगल्या भावाने जावी म्हणून साऱ्या इमारतीचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कोणाला नाही.

जुन्या ब्लॉकची खरी श्रीमंती आपल्या लोकांना सांगताच येत नाही. ती म्हणजे चटईक्षेत्र. २०१६ च्या रेरा कायद्याने 'कार्पेट एरिया'ची व्याख्या ठरवून दिली आणि महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले. त्यामुळे 'सुपर बिल्टअप'च्या आकड्यांना भुलणारी पिढी संपली. आजचे गिऱ्हाईक पहिला प्रश्न कार्पेटचाच करते. आपण मात्र करारनाम्यात लिहिलेला बिल्टअपचा आकडा सांगत बसतो. गिऱ्हाईक त्यातून मनातल्या मनात नको तेवढे वजा करते. त्यापेक्षा एखाद्या वास्तुविशारदाकडून आतली मोजणी करून एक साधा नकाशा काढून ठेवावा. नव्या टॉवरमधल्या तेवढ्याच किमतीच्या जागेशेजारी आपला हॉल, दोन बाजूंची हवा आणि जाडजूड भिंती काही कमी ठरत नाहीत. टॉवरच्या पोहण्याच्या तलावात कोण किती पोहते ते टॉवरवाल्यांनाच ठाऊक. त्याचा दरमहाचा मेंटेनन्स मात्र न पोहणाऱ्यालाही चुकत नाही.

पार्किंगचे मात्र जपून बोलावे. 'पार्किंगसह' असे जाहिरातीत टाकण्याचा मोह सर्वांना होतो. पण ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाहलचंद लालूचंद खटल्यात स्पष्ट केले की स्टिल्टची व मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. अशा जागा सोसायटीच्या, आणि त्या वाटून द्यायच्या त्या सोसायटीने. आपल्याला वाटून मिळालेला पट्टा ब्लॉकबरोबर आपोआप पुढच्याला जातो असे समजून किंमत सांगितली, की व्यवहाराच्या शेवटच्या आठवड्यात भांडण ठरलेले.

आता काकांना निरुत्तर करणाऱ्या त्या प्रश्नाकडे येतो. गिऱ्हाईक एकटे येत नाही, त्याच्या मागे त्याची बँक उभी असते, आणि बँकेला तुमचा रंग दिसत नाही. तिला कागद दिसतात. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर बिल्डरने चार महिन्यांत जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. असंख्य बिल्डरांनी ती करून दिली नाही. का, हे उघड आहे: शहराच्या नियमांत चटईक्षेत्र निर्देशांक पुढे वाढला तर त्याचा लाभ जमिनीच्या मालकाला. शेवटी २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरणा'ची वाट मोकळी झाली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे. ही वाट उघडून इतकी वर्षे झाली तरी अनेक सोसायट्या तिच्यावर पाऊल टाकायला तयार नाहीत. कारण वार्षिक सभेत त्या विषयावर वर्गणी काढायची म्हटली की माणसे घड्याळाकडे पाहू लागतात. वीस-पंचवीस वर्षे जो प्रश्न 'पुढच्या कमिटीने बघावा' म्हणून सोडून दिला, तो एका सभासदाच्या विक्रीच्या दिवशी एकट्या त्याच्या अंगावर येतो.

तीच गत भोगवटा प्रमाणपत्राची, तीच आधीच्या करारनाम्यांची. एकेकाळी पाच रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा होई. १० डिसेंबर १९८५ पासून ताब्यासह होणाऱ्या करारनाम्यावर खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क लागू झाले. मधल्या एखाद्या व्यवहारात ते भरले गेले नसेल तर मालकीची साखळी तिथे कच्ची राहते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारला १९८० ते २०२० या काळातल्या दस्तांसाठी अभय योजना आणावी लागली, यावरूनच असे कागद किती कपाटांत पडून असतील ते लक्षात यावे.

सोसायटीच्या बाजूनेही काही गैरसमज आहेत. हस्तांतरणाचे अधिमूल्य मनाला येईल तेवढे घेता येत नाही. ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाने महापालिका हद्दीत त्याला २५ हजार रुपयांची मर्यादा घातली आहे. 'इमारत निधीसाठी स्वेच्छा देणगी' या नावाखाली त्याहून जास्त मागणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. ती स्वेच्छा कोणाची असते ते सांगायला नको. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागतही नाही, पंधरा दिवस आधी सूचना दिली की पुरे. पण बँक मागतेच, म्हणून सेक्रेटरीशी गोड राहावे लागते. (हे लिहिताना मला थोडे हसू येते आहे, हे कबूल करतो.)

आणि ती दुसरी चौकशी. दलाल हळूच विचारतो, "कोणालाही चालेल ना?" मांसाहार करतो म्हणून अमुक सोसायटीत मराठी माणसाला घर नाकारले, अशी बातमी आली की आपला संताप होतो, आणि तो योग्यच आहे. तोच संतापलेला गृहस्थ स्वतःची जागा विकताना 'आपल्यातलाच कोणी असता तर बरं' असे म्हणतो, आणि आडनाव ऐकून चांगले गिऱ्हाईक परतवतो. सहकार कायद्याचे खुल्या सभासदत्वाचे कलम पुरेशा कारणाशिवाय कोणाला सभासदत्व नाकारू देत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, कर्ज मंजूर झालेले प्रामाणिक गिऱ्हाईक आडनावासाठी घालवणे हा व्यवहारसुद्धा नव्हे.

सगळ्यात अवघड कागद मात्र ना बिल्डरकडे असतो, ना सोसायटीकडे. तो कुटुंबात असतो. भागपत्रावर नाव वडिलांचे, वडील जाऊन पंधरा वर्षे झालेली. 'नॉमिनेशन आईचं आहे, म्हणजे जागा आईचीच' असे घरातले सगळे समजून असतात. तसे नाही. २०१९ मध्ये सहकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे नामनिर्देशित व्यक्ती ही वारस ठरेपर्यंत तात्पुरती सभासद असते. मालकी ठरते ती वारसाहक्काने. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या स्वकष्टार्जित जागेत विधवा, मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी. मुलीचे लग्न कधी झाले, किती खर्च झाला, ती सासरी सुखात आहे का, याची कायदा चौकशी करत नाही.

आणि म्हणून जागा विकायला निघाली की बहिणीला फोन जातो. "एक सही लागेल, फॉर्मॅलिटी आहे." हक्कसोडपत्र ही फॉर्मॅलिटी नव्हे, तो नोंदणीकृत दस्त आहे आणि तो केल्यावर तिचा हिस्सा कायमचा जातो. मी पाहिलेल्या हस्तांतरणांत बहिणींनी बहुतेकदा सही केली. काहींनी मनापासून केली, भावाने आई-वडिलांचे सगळे केले म्हणून. काहींनी माहेर तुटेल या भीतीने केली. एकीने मला सोसायटीच्या ऑफिसात विचारले, "सही नाही केली तर काय होईल?" मी सांगितले, तुमच्या हिश्शाचे पैसे तुम्हाला मिळतील. ती म्हणाली, "ते नव्हे हो, भाऊबीजेला काय होईल?" घर सजवण्यासाठी खर्चायचे पैसे एखाद्या चांगल्या वकिलाला देऊन सर्वांसमक्ष हिश्शांचे बोलणे आधीच उरकले तर गिऱ्हाईकासमोर शोभा होत नाही, आणि बहिणीलाही प्रश्न बाहेरच्या माणसाला विचारावा लागत नाही.

या सगळ्यावर सध्या एक नवीच छाया आहे, पुनर्विकासाची. २०१२ मध्ये मुंबईत वाढीव 'फंजिबल' चटईक्षेत्र आले, जुलै २०१९ च्या शासन आदेशाने पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी झाली. तेव्हापासून जुन्या इमारतीतली जागा विकणारा तिच्या आजच्या खोल्यांची किंमत सांगत नाही. उद्याच्या टॉवरमधल्या खोल्यांची सांगतो. घेणाराही पुष्कळदा राहायला येत नाही, नव्या इमारतीच्या आशेने पैसे गुंतवतो. कर्ज देणारी बँक मात्र इमारतीचे वय बघते आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागते. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत एवढ्यावर थांबलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. 'आणखी दोन वर्षं, मग लिफ्ट, मग विकायचं काय कारण?' म्हणत पाच वर्षे गेली, त्यात काका गेले. टॉवरच्या आशेने जिना काही कमी होत नाही. करारावर बिल्डरच्या सह्या, महापालिकेची मंजुरी आणि भाड्याची तजवीज, यांतले काही हातात नसेल तर सत्तरीच्या पुढच्या माणसाने आजच्या भावाला मान द्यावा, असे माझे मत आहे. पन्नाशीच्या माणसाला मी वेगळे सांगेन.

पैसे हाती आले की कराचा हिशेब. जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के दर झाला. पण त्याआधी घेतलेल्या जागेसाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्क्यांचा जुना पर्याय ठेवलेला आहे. १९७८ साली घेतलेल्या ब्लॉकसाठी १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून आधीच घेऊन ठेवावे. दोन्ही दरांनी आकडे मांडून पाहिल्यावर फरक लाखांत निघू शकतो. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो, तो आपल्या पॅनवर जमा झालेला पाहून घ्यावा. रोख रकमेचा आग्रह धरणारा दलाल आला तर २०१५ पासून २० हजार किंवा त्याहून मोठी रक्कम अशा व्यवहारात रोखीने घेता येत नाही, एवढे त्याला सांगावे.

आणि मूळ करारनामाच सापडत नसेल तर? पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, मग वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस. याच अंकाच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत त्या छापलेल्या असतील. 'सदर सदनिकेवर कोणाचा हक्क, हितसंबंध अथवा दावा असल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे.' खाली वकिलाचे नाव. सदनिकेचा क्रमांक, इमारतीचे नाव, दिवंगत सभासदाचे नाव, आणि ओळीने वारसांची. त्यात विवाहित मुलींची नावे आहेत का, ते मी हल्ली आधी पाहतो.